व्याह्यांची शेड

मी जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसून भाकरी कमावली. यंत्राशी माझा संबंध म्हणजे मिक्सर बंद पडला की तो दुकानात नेऊन देण्यापुरता. तरीही गेल्या हिवाळ्यातले माझे बहुतेक शनिवार जुन्या बाग-ट्रॅक्टरांच्या इंजिनांत गेले. हे शेतातले ट्रॅक्टर नव्हेत. बागेतलं गवत कापायला, चार पोती माती ओढायला कधीकाळी बनवलेल्या या कमरेएवढ्या गाड्या. माझ्या व्याह्यांकडे अशा शेडभर आहेत आणि एकही धड चालत नाही.

व्याही डच. माझ्या एकुलत्या एका लेकीने इथल्याच मुलाशी लग्न केलं आणि ती एनस्खेडेजवळच्या खेड्यात, सासऱ्यांच्या आवारातच मागे असलेल्या वेगळ्या घरात राहायला गेली. मी दूर शहरात, बुइटनव्हेल्डर्टमध्ये, एकटा, कारण बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेली. लेक फोनवर "सगळं ठीक" यापलीकडे काही बोलेना, पण व्हिडिओवर तिचा चेहरा उतरलेला दिसायचा. बायकोचं तिकडून एकच टुमणं. "अहो, फोनवर नाही सांगायची ती. समोर बसा आणि विचारा."

म्हणून मी शनिवारी सकाळची ट्रेन पकडायचो. पण त्या आवारात शिरलं की आधी लागते शेड, लेकीचं घर शेडच्या मागे. आणि शेडच्या दारात व्याही उभेच, निळा डगला चढवून, हात कोपरापर्यंत काळे.

"बरं झालं आलास! जरा हे धर."

चूक माझीच. पहिल्या भेटीत त्यांनी ट्रॅक्टर दाखवले तेव्हा मी "फारच छान" म्हणालो होतो. व्याह्यांनी काही दाखवलं की आपण छानच म्हणतो, मग ते नवं फडताळ का असेना. या भल्या माणसाने ते खरं धरलं.

आता नाही कसं म्हणणार? माझी पडली मुलीची बाजू. माझ्या वडिलांना कारलं बघवत नसे, पण ताईच्या सासरी पानात पडलेलं कारलं ते वर्षानुवर्षं मागून घेऊन खात. व्याह्यांचं मन मोडलं तर त्याचा वचपा लेकीवर निघतो, ही भीती आमच्या घरात मुरलेलीच. इथे असलं काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही माझी जीभ उचलत नव्हती.

मग दिवसभर मी म्हणजे टॉर्च धरणारा खांब. जुनं पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट होऊन बसतं, ते तारेने टोकरायचं. व्हॉल्व्ह नीट बसावा म्हणून त्याच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची आणि व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. ताक घुसळलं तर निदान लोणी तरी निघतं. इथे व्याही चष्मा कपाळावर चढवून त्या कडेकडे बघत आणि म्हणत, "अजून थोडं." शेडमध्ये हीटर नाही. विहीणबाई चीज-पाव आणि कॉफी तिथेच आणून देत, म्हणजे तेवढ्यासाठीही सुटका नाही. संध्याकाळी लेकीकडे सूप प्यायला जायचं, तर टेबलाभोवती सगळं कुटुंब. लेक हसून विचारायची, "आज काय सुरू झालं?" मी व्याह्यांकडे बघून म्हणायचो, "होतंय, होतंय." आणि परतीच्या ट्रेनमध्ये बायकोचा फोन.

"विचारलंत?"

"पुढच्या शनिवारी."

थंडी ओसरायला लागली तेव्हाची गोष्ट. व्याही एका इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, काढत होते. नट गंजून बसलेला. तो सुटताना चाक फिरू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. समोरच्या खिडकीतून लेक दिसली. तिने धुतलेली चादर दोरीवर टाकली आणि चादरीत तोंड खुपसून तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी चाक सोडलं असतं तर व्याह्यांचा हात पान्यासकट सटकून फाटला असता. "घट्ट धर," ते म्हणाले. मी घट्ट धरलं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या नटाचा आला, वडिलांच्या कारल्याचा आला, सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. नट सुटेपर्यंत ती आत निघून गेली होती.

मी म्हणालो, "मला इंजिनं आवडत नाहीत. मी इथे माझ्या मुलीला भेटायला येतो."

डचमध्ये ही दोन वाक्यं फारच सोपी निघाली. व्याह्यांनी पाना खाली ठेवला. रागावले मुळीच नाहीत.

"मग सांगायचं नाही का? मला वाटायचं बापलेकीत काही बिनसलंय, म्हणून तू माझ्यापाशी बसतोस. जा, जा."

लेक स्वयंपाकघरात होती. मी काळ्या हातांनीच तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "काय झालं गं?" ती इथेच वाढलेली, तिने नेहमीसारखं डचमध्ये उत्तर दिलं. ऐन थंडीत तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. तिसरा महिना होता. फक्त नवऱ्याला आणि सासूला माहीत होतं.

मी एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते की, बाबा. शेडच्या दारापर्यंत आले होते," ती म्हणाली. "तू त्यांच्याशी हसत बोलत होतास. आई पुण्याला गेल्यापासून तुला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे."