भाऊंचा ओटा

आमच्या माजी नगराध्यक्षांचा पुतळा डहाणू रोडच्या बाजारात उभा आहे, तो बरोबर माझ्या जागेवर. माझ्या आधी तिथे माझी सासू मासळी घेऊन बसायची. उन्हात, चिखलात, खाली गोणपाट टाकून.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. तीन निवडणुकांत ते माझ्या पाटीसमोर उभे राहून म्हणाले होते, "मावशी, ओटा बांधून देतो." वर पत्राही घालतो म्हणाले. मी तिन्ही वेळा त्यांनाच मत दिलं, कारण दुसरा उमेदवार तेवढंही म्हणत नव्हता.

भाऊ गेले आणि वर्षभरात ओटा झाला. गुडघाभर उंच, काळ्या फरशीचा. त्यावर भाऊंना उभं केलं, एक हात पुढे, काहीतरी द्यायला निघाल्यासारखा. भोवती लोखंडी कठडा, दाराला कुलूप. मला गटाराच्या कडेला सरकवलं. तिथे गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जायचं. रोज अर्धी पाटी परत घरी यायची. सून म्हणाली, आता बसा घरी. मी घरी बसले तर दोघींचंही खरं नाही.

कुलपाची किल्ली भाऊंच्या बायकोकडे होती, रोज हार घालायला. वहिनींचे गुडघे गेलेले. पण मासळी त्या लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडूनच घेत. एका सकाळी मला शोधत गटाराशी आल्या आणि जागा का सोडली म्हणून विचारलं. मी सांगितलं, भाऊंनी कबूल केलेला ओटा झाला, पण तेच त्यावर चढले.

वहिनी हसल्या नाहीत.

"मला काशीला नेणार होते," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "हार तूच घाल बाय. आणि बस तिथेच. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

आता रोज सकाळी मी कुलूप उघडते, भाऊंच्या डोक्यावरची कावळ्यांची घाण धुते आणि हार घालते. झरीहून झेंडू आणणारी बाई तो ओवून देते, बदल्यात सुके बोंबील नेते. नगरपरिषदेचा मुकादम एकदा नियम सांगायला आला होता. मी वहिनींचं नाव सांगितलं आणि घाण धुवायचा ब्रश त्याच्यापुढे धरला. पुन्हा आला नाही.

पत्रा तेवढा राहिलाय. भाऊंची सावली पडते, ती दहा वाजेपर्यंत पुरते.