पुरणयंत्रातला मनीप्लांट

पितळेला सोनेरी रंग फासणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मला अजून कळलेलं नाही. तो माणूस माझी सख्खी वहिनी निघाल्यामुळे त्या दिवशी जे तोंडात आलं होतं तेही गिळावं लागलं.

इथे म्हैसुरातच, नजरबादला भावाच्या घरी गेले होते. हॉलमधल्या शोकेसवर एक चकचकीत कुंडी मांडलेली. तीन पाय, मध्ये दांडा, दांड्याला लाल रिबीन आणि वरून मनीप्लांटच्या वेली खाली सोडलेल्या. मी जवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ते आमच्या आईचं पुरणयंत्र होतं.

"किती चेंद दिसतंय, अल्वा वन्सं?" छान दिसतंय ना, असं वहिनी तिच्या कानडीमिश्रित मराठीत कौतुकाने म्हणाली. "माळ्यावर सुम्ने पडलं होतं. मी पेंटिंगच्या क्लासला जाते की, म्हणून यावरच ट्राय केलं."

सुम्ने, म्हणजे उगीच. आईने उभा जन्म ज्या यंत्रातून पुरण काढलं, ते उगीच पडलं होतं! ज्या जाळीतून पुरण खाली उतरतं ती जाळी कुंडीतली माती पडू नये म्हणून तळाशी बसवलेली. तिच्याखाली शोकेसवर चिखलाचं वर्तुळ.

आणि त्याच शोकेसच्या शेजारी आईची खुर्ची. गेल्या वर्षी आईने दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली. पातेलं करपलं, घरभर धूर झाला. तेव्हापासून तिला स्वयंपाकघर बंद. तिला कोणी काही वाईट बोलत नाही, उलट सगळे गोडच बोलतात. "आई, तुम्हाला कशाला कष्ट? तुम्ही सुम्ने बसा." बसून बसून आई गप्प झाली होती. काही विचारलं तर "हूं". जेवलीस का, तर "हूं". टीव्हीवर काय चाललंय, तर तेही "हूं". पाहुणे आले की वहिनी आधी कुंडी दाखवायची, मग आई.

"मी हे घेऊन जाते," मी म्हणाले.

"अय्यो, झाडाचं काय करू मग?"

"बादलीत लाव."

दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "इरली बिडे, राहू दे गं. आता कोण करतंय पुरण? मिक्सर आहे." मला त्याचाही राग आला. पोळ्या मोजून नव्हे, ढिगाने खाणारा हा माणूस! आमच्याकडे रोज मिक्सरमध्ये कांदा-लसणाच्या चटण्या फिरतात, त्यात गौरीचं पुरण वाटायचं नाही, हा आईचाच नियम. आणि नियम राहू दे बाजूला, मिक्सरमध्ये पुरणाची चिकट लापशी होते, हे ज्याने एकदा खाल्लंय त्याला सांगावं लागत नाही.

मी ठरवून टाकलं. येत्या गौरींना दादाकडे पुरण या यंत्रातून निघेल आणि दांडा आई फिरवेल. तसं आईला सांगितलंही. आई म्हणाली, "हूं."

घरी आणून आधी मातीचा गोळा काढला. मुळं दांड्याच्या पात्याभोवती गुंडाळली होती, ती चाकूने कापून ओढावी लागली. मग टर्पेंटाइन लावून सोनेरी रंग खरवडला. नखांत रंग, पदराला रंग, घरात वास. प्रत्येक खरवड्याला मी वहिनीच्या क्लासच्या बाईंचा उद्धार करत होते. नंतर सोड्याच्या पाण्यात उकळलं, चिंच-मीठ लावून घासलं, तेव्हा कुठे पितळेचा खरा पिवळा रंग दिसला. दांड्याची लाकडी मूठ ओलाव्याने कुजली होती. माझ्या एका जुन्या लाटण्याला तडा गेला होता, त्याचं टोक कापून, भोक पाडून मूठ बसवली. ती जरा वाकडी बसली, पण फिरत होती.

राहिली कल्हई. आतली सगळी उडालेली. कल्हईशिवाय पितळेत गरम पुरण घालणार कसं? मंडी मोहल्ल्यात एक कल्हईवाला अजून बसतो म्हणून कळलं. त्याने यंत्र उलटंपालटं करून विचारलं, "शाविगे ओत्ताका?" म्हणजे शेवया पाडायचं का? मी म्हटलं, नाही, पुरणाचं. चण्याची डाळ शिजवून गुळात आटवतो, मग यातून काढतो. "गोत्तु अम्मा, गोत्तु," तो म्हणाला. ठाऊक आहे म्हणे. होळिगेचं, म्हणजे इथल्या पुरणपोळीचं, सारण वाटायला इथे पिढ्यानपिढ्या दगडी रुब्बु वापरतात, त्याला काय ठाऊक असणार होतं? पण माणूस मान हलवतोय म्हटल्यावर मीही विश्वास टाकला.

"नाळे बन्नी," उद्या या. उद्या गेले. "नाळे." परवा गेले. "नाळे." म्हैसूरच्या आठवड्यात हा वार कधी येतो ते एकदा मला कोणीतरी सांगावं. इकडे गणपती बसले. आजूबाजूच्या कानडी घरांतली गौर गणपतीच्या आदल्या दिवशीच येऊन पूजा घेऊन बसली होती. आमच्या ज्येष्ठागौरी गणपतीनंतर येतात, तेवढीच काय ती सवड.

शेवटी मिळालं. आतून चांदीसारखं लखलखत होतं. मी खूश होऊन जाळी उजेडाकडे धरली आणि माझं डोकंच फिरलं. उजेड आरपार येईना. त्या महाभागाने जाळीला इतकी कल्हई पाजली होती की भोकंच बुजली होती!

"चेन्नागि गट्टि आगिदे अम्मा," तो अभिमानाने म्हणाला. चांगलं मजबूत झालंय. भोकं बुजवलेली जाळी मजबूत असणारच, तिला झाकणीच म्हणतात. मी चौकात उभी राहून त्याच्याशी कानडीत भांडले, मग मराठीत भांडले. तो म्हणाला, परत द्या, वितळवून काढतो. कधी मिळेल? "नाळे."

मी तशीच रिक्षा करून नजरबादला गेले. राग एकटीने किती वेळ सांभाळायचा? हॉलमध्ये शिरल्या शिरल्या माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कल्हईवाला, क्लास, मनीप्लांट, मिक्सर, कोणालाच सोडलं नाही. दादा टीव्हीचा आवाज कमी करून बसला होता. वहिनी म्हणाली, "अय्यो वन्सं, एवढं बेजार कशाला? मी होळिगेची ऑर्डर दिलीये की. गरम गरम घरी आणून देतात."

"कसली डाळ असते त्यात?"

हे मी विचारलं नव्हतं. सगळे खुर्चीकडे वळलो.

"तुरीची असेल की आई," वहिनी म्हणाली. "इथे तुरीचीच करतात."

"गौरींना तुरीचं पुरण?" आई म्हणाली. आवाज कापरा होता, पण त्यातली धार मी लहानपणापासून ओळखते. "आणि तेही दुकानातलं?" मग माझ्याकडे हात पुढे केला. "आण ती जाळी. आणि दाभण दे कोणीतरी."

"आई, बोटाला लागेल. तुम्ही सुम्ने..."

"लागू दे."

वहिनीने दाभण आणून दिलं. आईने जाळी मांडीवर घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि कडेपासून एकेक भोक मोकळं करायला लागली. दाभण टोचायचं, फिरवायचं, फुंकर मारायची. पदरात कल्हईचा चुरा पडत होता. मी एकदा म्हटलं, दे, मी करते. तिने जाळी आणखी जवळ ओढली. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही आणि टीव्हीकडे तिने पाहिलंही नाही. मला रडू आलं, आणि ते रागाचंच होतं. हे हात वर्षभर रिकामे बसवून ठेवले होते आम्ही सगळ्यांनी मिळून, गोड बोलून.

गौरीपूजनाच्या दिवशी आई आंघोळ करून स्वयंपाकघरात येऊन बसली. वहिनी दारात घुटमळली, पण अडवलं नाही. मी कट काढला, डाळीत गूळ घातला, ढवळत राहिले. नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे आईने डोळ्यांनीच तपासलं. "उलथनं पडतंय. आणखी आटव." उलथनं पुरणात उभं राहिलं तेव्हा ती म्हणाली, "हं, घाल आता. गरमच घाल." मी यंत्र परातीत ठेवून पाय धरले, आईने वाकड्या मुठीचा दांडा धरला. आधी काहीच होईना. मग खाली पुरण उतरायला लागलं, मऊ, एकसारखं. दांडा जड जायला लागला तेव्हा तिने वहिनीला हाक मारली, "ये, तू फिरव. उलटा नको, असा." वहिनीने फिरवला.

दादाने पोळ्या खाल्ल्या, अर्थातच ढिगाने. दुकानातली होळिगे शेजाऱ्यांकडे गेली.

दुपारी सगळं आवरल्यावर वहिनीने यंत्र घासलं, कोरडं पुसलं. हौसेने पुसलं, हे कबूल करते. आणि पुसून झाल्यावर, हातची सवय, बाहेर आणून शोकेसवर ठेवलं. तिथे कुंडीचा गोल डाग अजून होता, त्यावर बरोबर बसवलं.

आई जेवून खुर्चीत टेकली होती. तिने यंत्राकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"ते आत ने," ती म्हणाली. "आणि माझी खुर्ची पण."