शिळेला तेल

इतकी वर्षं मी ही हकीगत सांगायचं टाळलं. तेव्हा मी तरुण मास्तर होतो. सुटीत मालवणहून एस.टी.ने जिल्ह्याचं नवं कलासंग्रहालय बघायला निघालो होतो. शेजारी एक म्हातारी मांडीवरच्या तेलाच्या बाटलीचं बूच सारखं दाबून बघत होती. तिने सांगितलं, लढाईत पडलेल्या तिच्या पूर्वजाची कोरीव शिळा शेताच्या बांधावरून उचलून संग्रहालयाच्या बागेत ठेवली होती.

"तेका तेल लायला तर चलात मां, मास्तर?"

"लाव गो आजी! घरच्या माणसाक तेल लावक कोण अडवता?" मी ऐटीत म्हणालो.

बागेत तिने शिळेवरच्या घोडेस्वाराच्या टाळूवर आधी तेल घातलं, मग मुलाला न्हाऊ घालावं तशी त्याची पाठ चोळली. रखवालदार ओरडत आला. "कोणी सांगितलं हे?" मग माझ्याकडे वळला. "तुमच्याबरोबर आहे ही?"

"नाही. मी ओळखत नाही."

म्हातारी शांतपणे म्हणाली, "खरा सांगतत ते. आमची वळख नाय."

रखवालदाराने सगळं तेल तिलाच पदराने पुसायला लावलं.

परतीच्या गाडीत तिने शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी दांडीला धरून उभाच राहिलो. 'आजी, चुकलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. तिच्या गावी, कट्ट्याला, ती उतरली, तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.