मागं कोण बसतंय?

यशवंतपूरच्या बाजारामागे, गुळाच्या गोदामासमोर, कल्लाप्पाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाक आणि खिळ्यांना अडकवलेली तारांची भेंडोळी. मोटारींच्या विजेचं सगळं काम तो करतो. कुणी येऊन म्हणालं, "दिव्यांना जोरदार बल्ब घाल, रस्ता दिसत नाही," की तो बल्बला हात लावत नाही. आधी विचारतो, "मागं कोण बसतंय?"

गिऱ्हाईक गोंधळतं. हा प्रश्न त्याने केव्हापासून विचारायला सुरुवात केली ते मला ठाऊक आहे, कारण त्या संध्याकाळी मागे मी बसले होते.

कल्लाप्पा निपाणीकडचा. लढाईच्या वर्षांत लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात तारा जोडायला शिकला आणि लढाई संपल्यावर इथेच राहिला. बायकोला, तानूबाईला, गावाहून घेऊन आला. अक्षराशी त्याची फारशी ओळख नाही, पण तारेवरून बोट फिरवून ती कुठे तापते ते अचूक सांगतो. काम चालू असताना स्वतःशीच कन्नडमध्ये बोलतो, आणि भांडण मात्र मराठीत करतो. तेही फक्त तानूबाईशी.

माझी वीणाआत्या डॉक्टर. कॉलेजसाठी मी तिच्याकडे मल्लेश्वरमला राहायला आले. दर शनिवारी ती आपली जुनी मॉरिस गाडी घेऊन सर्जापूरला जायची, सोबत नर्स गंगव्वा. देवळाच्या ओसरीवर दवाखाना. शेवटचा रोगी तपासून निघेपर्यंत अंधार पडलेला असायचा. त्या रस्त्याला दिवे नव्हते आणि त्यावरून चालणाऱ्या बैलगाड्यांनाही नव्हते.

एकसष्टच्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी कडब्याची गाडी एकदम समोर आली. मॉरिस वीतभर अंतरावर थांबली. गंगव्वाच्या मांडीवरचा डबा पायाशी सांडला. दुसऱ्याच दिवशी आत्याने कल्लाप्पाकडून जास्त प्रकाशाचे बल्ब बसवून घेतले. पण पुढच्या शनिवारी आणखीच वाईट झालं. समोरून येणाऱ्या लॉरीवाल्यांनी डोळ्यांवर हात धरून तिला शिव्या घातल्या, आणि रस्ता काळा तो काळाच.

सोमवारी संध्याकाळी ती पुन्हा दुकानात आली. मी बरोबर होते.

"बल्ब चांगले आहेत, कल्लाप्पा," ती म्हणाली. "दोष त्यांचा नाही. येत्या शनिवारी गावात सांगून येते, आता दवाखाना बंद."

"का वो, अक्का?"

आत्या म्हणाली, "माझ्या वडिलांची नजर पन्नाशीत गेली. मला बावन्न झाली."

हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. बाकावर तेलाचे डाग होते, मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"गंमत बघा," ती उसनं हसत म्हणाली, "चिंचेच्या शेंड्यावरची वटवाघळं दिसतात. समोरची बैलगाडी तेवढी दिसत नाही."

कल्लाप्पाचा पक्कड धरलेला हात थांबला. "वटवाघळं दिसत्यात?"

"मोजता येतील इतकी."

"मग डोळ्यांना काय झालंय? ज्यावर उजेड पडतोय ते दिसतंय की! उजेडच झाडावर चढून बसलाय." तो उठून गाडीच्या मागे गेला आणि दोन्ही हातांनी ती दाबून पाहू लागला. "मी भिंतीवर उजेड पाडून दिवे बसवले तवा गाडी रिकामी हुती. सर्जापूरवरनं येताना मागं कोण बसतंय?"

आत्याने आठवून सांगितलं. इस्पितळात आणायची एखादी बाळंतीण, तिची आई, तिची सासू. डिकीत नाचणीचं पोतं, नारळ, भोपळे. फी द्यायची कुणाची ऐपत नव्हती, पण रिकाम्या हाताने तिला कुणी निघूही देत नसे.

"बूड खाली बसलं की तोंड वर," कल्लाप्पाने कपाळावर हात मारला. "माजी चूक, अक्का. एवढी वर्सं काम करतोय, पण कधी कुणाला बसवून बघितलं न्हाई."

मग त्याने तानूबाईला हाक मारली.

"मला काय पोतं समजलासा?" ती पदर खोचत म्हणाली.

"पोत्यापरास भारी हाईस, म्हणून तर बोलवलं."

ती, शेजारची सोयराबाई आणि मी मागे दाटीवाटीने बसलो. गोदामातल्या गुळाच्या ढेपा डिकीत आल्या. आत्या स्टिअरिंगवर. भिंतीवर त्याने खडूने आडवी रेघ ओढली होती. अंधार पडल्यावर दिवे लावले, तर उजेड रेघेच्या हातभर वर. एका दिव्यावर गोणपाट टाकून तो दुसऱ्याचा स्क्रू फिरवू लागला. "स्वल्प... इन्नू स्वल्प..." थोडं, आणखी थोडं करत उजेड भिंतीवरून उतरला आणि रेघेवर टेकला.

"गावात काय सांगायचं ते मागनं ठरवा," तो आत्याला म्हणाला. "आदी एकदा जाऊन या."

तानूबाई मात्र उतरेना. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. आत्याने तिला बाजाराभोवती एक फेरी मारून आणलं.

शनिवारी मीही गेले. परतताना मागे एक बाळंतीण, तिची आई, सासू. पुढच्या जागेत गंगव्वा आणि मी एकमेकींना चिकटून. बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळच्या वळणानंतर, पुष्कळ दूरवर, आधी एक चाक दिसलं. मग बैलांचे पाय, मग गाडीत झोपलेला माणूस. आत्याने वेग कमी केला, सावकाश बाजूने गाडी काढली.

मग म्हणाली, "गंगव्वा, त्या बैलाची शिंगं निळी रंगवलेली होती."

"हौदु, डॉक्टर," गंगव्वाने मान हलवून होकार दिला.

बाळंतिणीला इस्पितळात पोचवून आत्या थेट यशवंतपूरला गेली आणि डिकीतला सगळ्यात मोठा भोपळा कल्लाप्पाच्या बाकावर ठेवला.

"ह्ये कशाला, अक्का?"

"मागचं वजन कमी करायला."

"करू नका!" तो घाईने म्हणाला. "तेवढ्या वजनावरच दिवे बसवल्यात!"

तानूबाईने तोवर भोपळा आत नेला होता.

याला सहा वर्षं झाली. आत्याला वाचायला चष्मा लागला, एवढंच. शनिवारी मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या झालेल्या मॉरिसचा उजेड दिसतो, जमिनीलगत सरकत येणारा, आणि फाटकाची खालची कडी तेवढी चमकते. मग मी पुस्तक मिटते आणि चहाचं आधण ठेवते.