चार बोटे उंची

चर्चच्या रुग्णालयात कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'पायवाले काका' म्हणत. सत्तावीस वर्षे त्यांची रीत एकच होती: शाबूत पायाचे माप घ्यायचे आणि नवा पाय त्याला तंतोतंत जुळवायचा. देवाने एक नमुना ठेवला आहे, आपण फक्त नक्कल करतो, या समजुतीवर त्यांची झोप शांत होती.

मग आईबरोबर ती मुलगी आली. अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. काकांनी सवयीने मोजपट्टी काढली आणि हात तसाच थांबला.

"आधीची उंची सांग, बाळ."

"ती विसरा, काका. चार बोटं जास्त ठेवा. लोकांच्या बगलेशी बोलून बोलून कंटाळलेय मी."

"अगं, माझ्याएवढी तर होतीस," आई म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय."

आईच आधी हसली. काकांना मात्र हसू आले नाही. हिरावलेले परत देणे हा उपचार. पण जे कधी नव्हतेच, ते जोडणे? शरीर ही देवाची ठेव, ती सांभाळायची, मनाला येईल तशी घडवायची नाही, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. दोन दिवस जेवणावर वासना राहिली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या फादरांना गाठले.

"चष्मा लावताना मला विचारलं होतंत का?" फादर म्हणाले.

"चष्म्यानं मला तुमच्याइतकंच दिसतं, फादर. जास्त नाही."

"मग तिला चालवून बघा. उंची तिच्या कामाला येते, की तिच्यावर स्वार होते, ते बघा."

कृत्रिम पायातली धातूची नळी एकदा कापली की वाढत नाही, म्हणून काकांनी दोन्ही पायांच्या नळ्या चार बोटे लांबच ठेवल्या. मुलगी चालण्याच्या सरावासाठी लावलेल्या दांड्यांना धरून उभी राहिली, खिडकीबाहेर पाहून खुलली. दांड्या सोडल्यावर चौथ्या पावलाला तोल गेला. आधारासाठी तिने सवयीने हात टाकला. शेजारी चालणाऱ्या आईचा खांदा तिथे नव्हता, खाली होता. काकांनीच तिला सावरले.

"दोन बोटं कापा," ती धापा टाकत म्हणाली. "दोनच हं. सगळी नाही."

काकांनी करवत चालवली. आता ती चालली, आईचा खांदाही हाताला लागला. तिच्या कागदावरचा 'शाबूत पायाचे माप' हा रकाना कोराच राहिला. उरलेली दोन बोटे उपचार की हव्यास, हे काकांना ठरवता येईना.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी गुडघे टेकले, तेव्हा खिशातले नळ्यांचे दोन तुकडे मांडीला टोचले. ते त्यांनी अजून टाकले नव्हते.