दूर्वांना विश्रांती

मी गवताचा माणूस. दुबईहून अल ऐनला जाणाऱ्या रस्त्यावर एका डेअरीसाठी चारा पिकवतो. गावाकडे जे बांधावर आपोआप उगवतं आणि शिव्या खातं, ते इथे उगवायला कृषी पदवीधर पगारावर ठेवावा लागतो. मॅनेजरशी माझं रोजचं एकच भांडण. त्याला कापणी अगदी जमिनीलगत हवी, म्हणजे गठ्ठे जास्त भरतात. मी सांगतो, बुडाशी चार बोटं राखा, दोन कापण्यांमध्ये गवताला उसंत द्या, नाहीतर नवे फुटवे उन्हात जळून मरतील. तो "इन्शाल्ला, हबीबी" म्हणतो आणि मशीन खालीच लावतो.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे इंटरनॅशनल सिटीत राहायला आली. तिचा एकच हट्ट होता, गणपतीला दूर्वा घरच्या हव्यात. बाल्कनीत कुंड्या लावल्या. आई रोज आंघोळ करून कोवळे शेंडे खुडायची, देवाला वाहायची, मग कुंड्यांना पाणी घालायची. दुपारी करमलं नाही की पुन्हा घालायची. थोड्याच दिवसांत कुंड्यांना टक्कल पडलं.

घरात मात्र मॅनेजर मीच होतो. "आई, आता गणपतीपर्यंत हात लावायचा नाही. पाणीसुद्धा मीच घालणार," मी फर्मान काढलं. एकदा शिस्त लावायला बसलं की माणसाला हुरूप येतो. स्वयंपाकाला बाई लावली. उन्हात खाली उतरायला आईला बंदी केली. तरीही ती बाल्कनीच्या काचेशी घुटमळायची. "आजी, इट्स जस्ट ग्रास," मुलगी म्हणाली. आई सोफ्यावर जाऊन बसली.

दूर्वा मात्र अशा फुटल्या, की मी मॅनेजरला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी कापणी आणखी खाली नेली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुंड्या आईपुढे आणून ठेवल्या आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तिने भराभर दूर्वा खुडल्या, जुड्या बांधल्या. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"विसर्जन झालं की माझं तिकीट काढ," ती म्हणाली.

मला रागच आला. "का? इथे काय कमी आहे तुला?"

"गवत दमलं होतं, त्याला आराम दिलास, बरं केलंस," शेवटच्या जुडीला दोरा गुंडाळत ती म्हणाली. "मी कुठे दमले होते रे?"