सतरा नंबरची संगीन

संग्रहालयाच्या तळघरात काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे खटराव म्हणत. जुन्या लष्करी रायफलींना त्यांच्या त्यांच्या संगिनी बसवायच्या, हे त्यांचं काम. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? एक टोकदार सुळा, त्याच्या बुडाला कडं. कडं नळीच्या तोंडावर सरकवायचं, पिळायचं, झालं. पण खटरावांसमोर असं म्हणणाऱ्याची तासभर सुटका नसे.

"त्या काळी एकेक कडं कानशीने घासून एकेका बंदुकीला बसवलेलं असायचं," ते सांगत. "दुसरी लावली तर लागल्यासारखी वाटते, लागत नाही." खरी जोडी जुळली की 'खट्' असा आवाज येई आणि तो ऐकताना ते डोळे मिटत. नाव पडलं ते त्यावरूनच.

एकोणीस वर्षांत त्यांनी तीस जोड्या जुळवल्या. राहिली सतरा नंबरची रायफल. तिला ते घरी 'एकटी' म्हणत, आणि जेवताना तिच्यासाठी इतके हळहळत, की एकदा त्यांच्या सासूबाईंनी आपल्या मुलीला बाजूला घेऊन "कोण गं ही?" म्हणून विचारलं होतं.

येत्या शुक्रवारी खटराव निवृत्त होणार होते आणि शनिवारी रायफलींचं नवं दालन उघडणार होतं. त्याआधी एकटीची संगीन सापडावी, बाकी काही नको, असं त्यांना झालं होतं. त्यांनी तळघर पालथं घातलं, माळे झाडले, शेवटी प्रमुखबाईंच्या टेबलाचा खण उघडला.

"काय शोधताय?" बाईंनी दारातून विचारलं.

"संगीन."

"माझ्या खणात?"

"आता तेवढाच राहिला होता, बाई."

मंगळवारी ते तोंड पाडून घरी आले. बायकोने त्यांना गॅलरीत पिटाळलं, काकडीचा वेल बांधायला. मोठी कुंडी, मातीत रोवलेला लोखंडी सुळा, वरच्या कड्यातून खिडकीच्या गजापर्यंत ओढलेली सुतळी. गाठ दिसेना म्हणून खटरावांनी चष्मा लावला. कड्यावर आकडा कोरलेला होता. सतरा.

ते कुंडीशेजारी फतकल मारून बसले. मग हळूहळू आठवलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, गंजाने आकडा न दिसणारी एक संगीन तेव्हाच्या साहेबांनी भंगारात टाकायला सांगितली होती. खटराव तेव्हा या कामात अगदीच कच्चे. कुंडीला बरी, म्हणून साहेबांना विचारून त्यांनी ती घरी आणली होती. बायको दर वर्षी वेल लावण्याआधी ती वाळूने घासायची.

"अगं, हिच्यावर नंबर आहे."

"हो, सतरा. दिसायला लागून बरीच वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही एकटी एकटी करायचात. सतरा कधी म्हणालात?"

खटरावांनी संगिनीला हात घातला. बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"वेल फुलावर आलाय. हलवलात तर मान टाकेल."

"मी दुसरी काठी आणून देतो. अगदी अशीच."

"अशीच?" बायकोने कमरेवर हात ठेवले. "एकोणीस वर्षं मला काय सांगताय? दुसरी लावली तर लागल्यासारखी वाटते, लागत नाही."

आपलं वाक्य त्यांना पहिल्यांदाच आवडलं नाही. तीन दिवस त्यांनी मिनतवाऱ्या केल्या, पण बायको बधली नाही. शुक्रवारी ते भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन निवृत्त झाले. शनिवारी दालन उघडलं, तेव्हा सतरा नंबरच्या रायफलीपुढे त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी होती: 'हिची संगीन सध्या कामावर आहे.' प्रमुखबाईंनी कपाळाला हात लावला, पण चिठ्ठी काढली नाही.

खटरावांना मात्र फार वाईट वाटलं. एका दुपारी तर त्यांनी तीन काकड्या निव्वळ रागाने खाल्ल्या.

दोन महिन्यांनी वेल वाळला. बायकोने संगीन घासूनपुसून टॉवेलात गुंडाळली आणि दोघं संग्रहालयात गेले. प्रमुखबाईंनी काचेचं कपाट उघडलं. खटराव पुढे झाले, पण आवाज ऐकायला त्यांनी डोळे आधीच मिटून घेतले, त्यामुळे कडं नळीवर जाईना.

"सरका," बायको म्हणाली. तिने कडं सरकवलं आणि बरणीचं झाकण लावावं तसं पिळलं.

खट्.

खटरावांनी डोळे मिटले होते, तरी पाणी यायचं ते आलंच. बायकोने रायफल वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळली.

"ही होय एकटी," ती म्हणाली. "आईला एकदा आणून दाखवते. तिचा अजून विश्वास नाही."